पावणेतीन

५ ऑक्टोबर, सोमवार

टिंबे,

आशीर्वाद लिहिते. घ्यायचे की नाही ते तू ठरव. तेरा वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद आंबलेलेच असणार. पत्ता जुना घातलाय, तुझ्या मैत्रिणीकडचा. दुसरा मला कुणी दिला नाही आणि मी मागितलाही नाही.

काल आमच्या निवृत्तांच्या मंडळाची सहल होती. समुद्रावरचं थोरलं घर आणि कड्यावरची वाट. हो, तेच घर. मी जाणार नव्हते. पण खजिनदारांनी यादीत माझं नाव आधीच घातलं होतं, आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा बसमध्ये बसणं सोपं. शेजारच्या बाई दोन तास गुडघ्यांवर बोलल्या, एकदा डाव्या, एकदा उजव्या.

त्या घरात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तरी सगळं पाठ होतं. आपण दोघींनी छापखान्यात त्याचं माहितीपत्रक अक्षर न् अक्षर तपासलंय. दर्शनी पायऱ्या बावीस, खिडक्या चौसष्ट. मी काल मोजल्या. खिडक्या त्रेसष्टच आहेत. पण ती चूक मूळ प्रतीतली, आपल्या अंगावर नाही.

जेवणघरात चोवीस माणसांचं टेबल मांडून ठेवलंय. ताटल्या, सुऱ्या, पाण्याचे पेले, घडी घातलेले रुमाल, आणि प्रत्येक खुर्चीवर चिठ्ठी: बसू नये. एका चिठ्ठीवर ‘बसु’ होतं. मी पर्समधून पेन काढून उकार दीर्घ केला. खजिनदार म्हणाले, ‘तुम्ही स्वर्गात गेलात तरी दारावरची पाटी आधी तपासाल.’ मी म्हटलं, तिथे पाठवतील तेव्हा बघू.

ग्रंथालय शेवटी येतं. लांब खोली, मेणानं घासलेली जमीन, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, टोकाला एक बंद दार. मंडळी पुढे चहाला गेली. मी मागे रेंगाळले आणि त्या दारामागून वाचण्याचा आवाज आला. बाईचा आवाज, जरा घोगरा.

‘या दालनात, स्वल्पविराम, सुमारे चार हजार ग्रंथ असून, स्वल्पविराम, त्यांपैकी काही, स्वल्पविराम…’

टिंबे, असं दुसरं कोण वाचतं? तू मूळ प्रत मोठ्यानं वाचायचीस, खुणांसकट, आणि मी प्रुफावर बोट ठेवून ऐकायची. एकवीस वर्षं. कालही माझं बोट आपोआप हातातल्या माहितीपत्रकावर गेलं. आवाज वाचत होता आणि मी ओळीमागून ओळ जुळवत होते. एक कानामात्रा चुकली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत आलो: ‘समुद्रकाठच्या वाटेवरून परतण्याची अंतिम वेळ, अपूर्णविराम, पावणेतीन, पूर्णविराम.’

मी तुझ्या नावानं हाक मारली. आवाज थांबला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत हातभर खोली, दुसरं दार नाही, खिडकी नाही. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवलेल्या, आणि बाकी सामान झाकायच्या चादरींचा ढीग. तिकीटबाई म्हणाल्या, मोडक्या खुर्च्या आम्ही तिथेच ठेवतो. दोन्ही खुर्च्या धडधाकट होत्या.

मग कड्यावर फिरायला गेलो. वारा होता. खालची वाळूतली वाट बंद असते, ती वर्षातून एकदाच उघडतात, सगळ्यात मोठ्या ओहोटीच्या दिवशी. कड्याखालून पलीकडच्या कपारीपर्यंत अर्धा तास चालायचं आणि पाणी फिरायच्या आत परतायचं. मधे वर चढायला कुठेच जागा नाही. हेही पाठ होतं मला. आता तिथे माणसाएवढा फलक उभा केलाय: परतीची अंतिम वेळ २.४५. मंडळींनी त्या फलकाला टेकून फोटो काढला. मला मधे उभं केलं.

निघताना अभिप्रायाच्या वहीत लिहायचं होतं. मागची पानं चाळली तर गेल्या ऑक्टोबरच्या पानावर, नाव नाही, गाव नाही, नुसती वेळ: ३.४०. कागद पाण्यानं सुरकुतलेला. तुझा चार मी कुठेही ओळखेन. त्याच्या पोटात नेहमी शाई भरते.

तू तिथे का जातेस? जे झालं ते झालं. लोक बहिणींच्या छत्तीसच्या आकड्याबद्दल बोलतात, आपला तर खरोखर आकड्यावरूनच झाला. मूळ प्रतीत २.४५ होतं, प्रुफात ३.४५ पडलं, तू पावणेचार वाचलंस, मी बरोबरची खूण केली, तसंच छापलं गेलं आणि एक बाई त्या वेळेवर विसंबून बुडाली. तू काही मुद्दाम केलं नव्हतंस. मालकांनी विचारलं तेव्हा मी ऐकलं तेच सांगितलं. तुला दोष कधी दिला नाही. तुझी नोकरी गेली याचं मला वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

एवढंच कळव की तू खुशाल आहेस.

ताई


१५ ऑक्टोबर, गुरुवार

टिंबे,

पहिलं पत्र परत आलं. पोस्टमननं पाकिटावर ‘इथे रहात नाही’ लिहिलंय, त्यातही ‘रहात’. म्हणून काल एकटीच पुन्हा त्या घरी गेले. तुला पत्र पोचवायचं तर एकच जागा उरली होती, ती वही.

आठवड्याच्या मधल्या वारी तिथे चिटपाखरू नसतं. तिकीटबाई टेबलावर लोकरीचं काहीतरी विणत बसल्या होत्या. मी पत्र वहीत ठेवू का विचारलं आणि ती ३.४० दाखवली. त्यांनी विणकाम खाली ठेवलं.

‘ती तुमची कोण?’

‘धाकटी बहीण.’

‘मग तिला आवरा हो,’ बाई म्हणाल्या. ‘वर्षातून एकदा येते. मोठ्या ओहोटीला. आम्ही वाटेचं दार उघडतो तोवर ती खाली गेलेली असते. पावणेतीनला आम्ही माणसं मोजतो, शिट्ट्या मारतो, दोरी बांधतो. मग कधीतरी पाण्यातून येते. बोटानं वही मागते, वेळ लिहिते, जाते. गेल्या वर्षी छातीपर्यंत भिजली होती. मी ओरडले तिच्यावर. नुसती बघत राहिली.’

‘काही बोलली नाही?’

‘मुकी आहे ना ती?’

मी म्हटलं, मुकी कसली, आमच्या सहलीच्या रविवारी तुमच्या ग्रंथालयात वाचत बसली होती. बाई म्हणाल्या, त्या रविवारी मी दिवसभर दारात होते, ती आली नाही. तिला मी गर्दीतही ओळखते.

मग मी जुन्या वह्या मागितल्या. त्यांनी कपाटातून काढून दिल्या. पहिल्या वर्षी तू लिहिलंस २.४५. दुसऱ्या वर्षी २.५०. मग २.५५. दर वर्षी पाच मिनिटं जास्त, एकाही वर्षी चुकली नाहीस. बारा नोंदी. माझा हिशेब कच्चा असेल पण इतकाही नाही. यंदा तेरावी. यंदा ३.४५.

टिंबे, गेल्या वर्षी छातीपर्यंत पाणी होतं. तू माझ्यापेक्षा दोन बोटं बुटकी आहेस. यंदाची मोठी ओहोटी अठ्ठावीस तारखेला आहे, बुधवारी. जाऊ नकोस. तुझ्या पाया पडते. थोरलीनं धाकटीच्या पाया पडू नये म्हणतात, तरी पडते.

तिकीटबाई म्हणाल्या, वही ती वर आल्यावरच उघडते. म्हणजे पत्र आधी वाचलं जाणार नाही. तरी मी पत्र तिथेच नव्या पाकिटात घालून चालू पानात ठेवलं, वर तुझं नाव घातलं.

आता जे लिहिते ते वाचून हसू नकोस. पाकीट ठेवून मी ग्रंथालयात गेले. का गेले, सांगता येत नाही. खोलीत कुणी नव्हतं. टोकाचं दार बंद. आणि आवाज सुरू झाला.

‘टिंबे, स्वल्पविराम. आशीर्वाद लिहिते, पूर्णविराम. घ्यायचे की नाही ते तू ठरव, पूर्णविराम…’

माझं पत्र. पाचशे पावलांवरच्या पाकिटातलं, मी स्वतः जीभ लावून चिकटवलेलं. आवाज सावकाश वाचत होता, आपल्या कामाच्या गतीनं, समोरच्याचं बोट मागे पडू नये अशा बेतानं. सहल आली, गुडघे आले, ‘बसु’ आलं. मी जागची हलले नाही. कपाटाला धरून ऐकत राहिले. मग आवाज म्हणाला, ‘तू पावणेचार वाचलंस,’ आणि थांबला.

तुला ठाऊक आहे असं केव्हा थांबतात. मूळ प्रत एक सांगते आणि प्रूफ दुसरंच, तेव्हा. वाचणारी गप्प बसते आणि तपासणारी चूक दुरुस्त करेपर्यंत पुढे जात नाही. मी वाट पाहिली. आवाजानं वाक्य पुन्हा घेतलं: ‘तू पावणेचार वाचलंस.’ पुन्हा थांबला. तिसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा आवाज मोठा नव्हता की रागाचा नव्हता, नुसता वाट पाहणारा होता. मी तिथून निघाले. चालत निघाले असं मी तिकीटबाईंना सांगितलं असतं, पण त्यांनी मला पळताना पाहिलंच.

पाकीट वहीत जसंच्या तसं होतं. डिंक अजून ओलसर होता.

या वयात कान वाजतात. डॉक्टरांना दाखवीन. तू मात्र बुधवारी जाऊ नकोस. हेही पत्र वहीत ठेवायला मी पुन्हा जाणार आहे. ग्रंथालयात जाणार नाही.

ताई


२५ ऑक्टोबर, रविवार

टिंबे,

दहा दिवस झाले, कानांचे डॉक्टर म्हणाले काही नाही, कान उत्तम आहेत. नवल नाही. माझे कान कायमच उत्तम होते.

आता सरळ लिहिते. खाडाखोड करणार नाही.

तो शुक्रवार होता. माहितीपत्रक संध्याकाळपर्यंत मशीनवर जायचं होतं. तू नियमाप्रमाणे वेळा सुट्या वाचत होतीस: ‘नऊ टिंब तीन शून्य. पाच टिंब शून्य शून्य.’ लहानपणी तू टिंबाएवढी होतीस म्हणून नाव पडलं, छापखान्यात तू टिंबटिंब करतेस म्हणून ते पक्कं झालं. त्या दिवशी मला त्या टिंबांचा वैताग आला होता. पावणेसहाची बस गाठायची होती. मी म्हटलं, ‘असं टिंब टिंब करत बसलीस तर इथेच रात्र होईल. माणसासारखी वाच.’ तू म्हणालीस, ‘ताई, नियम आहे.’ मी म्हटलं, ‘नियम मीच केलाय.’

म्हणून तू शेवटची वेळ माणसासारखी वाचलीस. पावणेतीन. तू स्वच्छ वाचलंस. पावणेतीन.

मी ऐकलं ‘तीन’. आणि प्रुफावर बघितलं तर ३. पुढे ४५. पावणे म्हटलं की पंचेचाळीस, तीन म्हटलं की ३. डोळ्यांना सगळं जुळलं आणि मी बरोबरची खूण करून पेन मिटलं. पावणेतीन म्हणजे तीनला पाव कमी, हे तिसरीतल्या पोराला कळतं. मला त्या एका क्षणी कळलं नाही.

बातमी आली त्या सकाळी मी तुझ्या आधी छापखान्यात पोचले. मूळ प्रत काढली, प्रूफ काढलं, शेजारी ठेवलं. अर्ध्या मिनिटात सगळं उमगलं. मालकांनी बोलावेपर्यंत मला वीस मिनिटं मिळाली होती. एवढा वेळ पुरतो. मी आत जाऊन सांगितलं, ‘तिनं पावणेचार वाचलं.’

अक्षरं जुळवणाऱ्याच्या हातूनही तीच चूक आणि वाचणारीच्या तोंडूनही तीच, असं कसं होईल, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या कुणाचं प्रूफ असतं तर मी विचारलं असतं.

का केलं? एकवीस वर्षांत हिची एक चूक नाही, असं माझ्याबद्दल सगळे सांगायचे. मालक पाहुण्यांना माझ्या टेबलाशी आणून सांगायचे. मला ते गोड लागलं होतं. याहून मोठं कारण मी तेरा वर्षं शोधलं, सापडलं नाही.

आणि मग तुला आत बोलावलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता ही सांगणार. तू म्हणालीस, ‘ताई म्हणते तर मी तसंच वाचलं असेल.’ तू मला वाचवत नव्हतीस. तुला ते खरंच वाटलं होतं. माझ्या शब्दावर तू स्वतःच्या जिभेला खोटं पाडलंस. हे मला तेव्हाच दिसलं आणि मी गप्प बसले. मी फार वाईट वागले, टिंबे.

हे पत्र टपालात टाकायचं नाही की वहीत ठेवायचं नाही. बुधवारी हातात घेऊन येते.

ताई


३१ ऑक्टोबर, शनिवार

टिंबे,

बसथांब्यावर तू तिकिटाच्या पाठीवर पत्ता लिहून दिलास, तो मायेनं दिलास असा माझा गैरसमज नाही. ‘सांगितलंस की कळव,’ म्हणालीस. सांगितलं. ते लिहितेच. पण बुधवारचं माझ्या बाजूचं आधी लिहिते, कारण तू माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाहीस आणि मला काय काय झालं ते तुला माहीत नाही.

मी दोनला उतरले. शंभरेक पायऱ्या, गुडघा बसमधल्या बाईंच्या वळणावर गेलेला. खाली चाळीस-पन्नास माणसं परतत होती, बूट हातात घेऊन, हसतखिदळत. मी एकटीच उलट्या दिशेला. पहारेकरी शिट्टी फुंकून म्हणाला, ‘आजी, वेळ संपत आली.’ मी म्हटलं, माझी बहीण आहे पुढे. तो म्हणाला, पुढे कुणी नाही, आत्ता मोजलेत. मी चालत राहिले. तो थोडा मागे आला, मग त्याच्या माणसांकडे परत गेला.

कड्याचं नाक ओलांडलं आणि आवाज सगळे मागे राहिले. वाळूतली बाकी पावलं परतलेली होती, एकाच माणसाची नुसती जाणारी. कपारीशी तू दगडावर बसली होतीस, मनगटावरचं घड्याळ तळव्यात काढून घेतलेलं. केस पांढरे झालेत तुझे. मी कल्पनेत तुला कधी म्हातारी केलंच नव्हतं.

तू मला पाहिलंस आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिलंस. दोन चाळीस झाले होते. पत्र पिशवीत होतं. मी ते काढलं, पण तू हात पुढे केला नाहीस, म्हणून मला तोंडानं सांगावं लागलं. लिहिताना मी मोठी शूर होते. तोंडानं सांगताना माझी नुसती तारांबळ उडाली. ‘तू बरोबर वाचलं होतंस,’ मी म्हटलं. ‘तू पावणेतीनच वाचलंस. मी खोटं सांगितलं.’

तू घड्याळ मुठीत मिटलंस. पाणी दगडाशी आलं. मग म्हणालीस, ‘परत.’

तुझा आवाज तेरा वर्षांनी ऐकला. बारीक, स्वच्छ, होता तसाच. तो ग्रंथालयातला नव्हता, हे मला तिथेच कळलं. पण मी परत म्हटलं. तू पुन्हा म्हणालीस, ‘परत.’ तिसऱ्यांदा मी नीट म्हटलं, आपल्या नियमानं: ‘मूळ प्रतीत दोन टिंब चार पाच. तू वाचलंस पावणेतीन. मी तपासलं तीन टिंब चार पाच. चूक माझी.’

तू म्हणालीस, ‘मग माझी जीभ ठीक होती.’

एवढंच. आणि उठलीस. मी रडत होते, तू रडत नव्हतीस. नाकाशी आलो तेव्हा पाणी गुडघ्यावर होतं. माझा पाय लटपटला तेव्हा तू माझं कोपर धरलंस. प्रेमानं नाही, ओझं धरावं तसं, पण घट्ट धरलंस. मी विचारलं, दरवर्षी कशासाठी येतेस. तू म्हणालीस, ‘त्या बाईला कुठल्या मिनिटाला कळलं असेल, ते बघायला. दरवर्षी वाटतं, अजून नाही, अजून थोडं पुढे.’ मी विचारलं, आणि आज पावणेचारनंतर? तू म्हणालीस, ‘पावणेचारनंतर तिच्याकडे तरी काय होतं?’

हे ऐकून मला पाणी किती थंड आहे ते कळलं.

पायऱ्यांवर दम खायला बसलो तेव्हा मी ग्रंथालयाचं विचारलं. तू म्हणालीस, ‘मी त्या घरात आत कधी गेलेच नाही. दारातल्या वहीपलीकडे नाही. आणि तेरा वर्षांत मी मोठ्यानं एक ओळ वाचलेली नाही. दुकानात भावसुद्धा बोटानं दाखवते.’ आणि मग विचारलंस, ‘तिच्या घरी सांगितलंस?’ मी नाही म्हटलं. ‘मग मला कशाला आधी सांगितलंस?’ असं म्हणून तू बसथांब्याकडे चालू लागलीस. वहीत या वर्षी काही लिहिलं नाहीस. तिकीटबाईंनी वही हातात धरून ठेवली होती.

तर, सांगितलं. आज सकाळी गेले होते.

त्या बुडालेल्या बाईंचं नाव मी वर्तमानपत्रातून कापून ठेवलं होतं. का ठेवलं होतं, विचारू नकोस. त्यांची मुलगी त्या थोरल्या घराच्याच गावात कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. अरुंद दुकान, शिवणयंत्र खिडकीशी, भिंतीवर दोऱ्यांची रिळं रंगवार लावलेली, मागच्या बाजूला आईचा फोटो. ती कुणाच्या तरी पॅन्टला टीप घालत होती, ओठांत टाचण्या धरून. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. आपण दोघी कशा तपासायचो, तू खुणांसकट कशी वाचायचीस, मी काय चुकले आणि काय खोटं बोलले. तिनं टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

‘स्वल्पविरामासकट?’ ती म्हणाली. ‘म्हणजे आईसारखं.’

मी विचारलं, कसं.

‘आई शिक्षिका होती. पोरांना शुद्धलेखन घालायची. जन्मभराची सवय, घरी वर्तमानपत्रसुद्धा पूर्णविराम म्हणत वाचायची. आवाज बसला होता त्यापायी. आणि कुणी चुकीचं लिहिलं तर सांगायची नाही, बरं का. तेच वाक्य पुन्हा म्हणायची आणि थांबायची. तीनदा. आपली चूक आपणच शोधायची, म्हणायची.’

मला खुर्ची लागली. तिनंच पुढे केली. मी तिला ग्रंथालयाचं सांगितलं नाही. तिच्याकडे आई राहिली आहे ती फोटोतली, तेवढीच राहू दे असं वाटलं. सांगायला हवं होतं का, ते तू सांग. माझ्या निवाड्यावर मी आता फार भरवसा ठेवत नाही.

ती बराच वेळ कापडावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे त्या वाचणारीची चूक नव्हती.’

‘नव्हती.’

‘तेरा वर्षं मी तिला तळतळाट दिलाय. तिला बघितलं नाही, नाव माहीत नाही, पण रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तो. तिची जीभ झडो म्हणून.’ ती आवाज चढवून बोलत नव्हती. एखादं माप विचारावं तसं तिनं विचारलं, ‘तो आता तुमच्याकडे वळवू?’

मी म्हटलं, वळवा.

तिनं मान हलवली, टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या आणि यंत्र सुरू केलं. मी थोडा वेळ बसले आणि निघाले.

कळव म्हणाली होतीस, म्हणून कळवते. तुझ्यावर आता काही नाही.

ताई